हजेरीला 'हजर' न म्हणणारं विमान

चौथी-पाचवीच्या मुलांच्या हातात आता संध्याकाळी घरातला मोबाइल असतो, आणि 'गायब झालेल्या विमानाचं रहस्य' अशा नावाचा व्हिडिओ कधी ना कधी त्यांच्यासमोर येतोच. मग दुसऱ्या दिवशी वर्गात प्रश्न सुरू होतात. विमान ढगात विरघळतं का? समुद्रात भोवरा असतो का? ते कुणी लपवून ठेवलं असेल का?

'असलं काही बघत जाऊ नका' म्हणून हे प्रश्न थांबत नाहीत. उलट हे प्रश्न विज्ञान, भूगोल, गणित आणि माणसाचं वागणं असं सगळं एका तासात शिकवायची संधी देतात. म्हणून हा पाठ जरा सविस्तर लिहिते आहे.

'गायब' म्हणजे नेमकं काय?

सुरुवात आपल्या सह्याद्रीपासून करू. जुलै १९६२ मध्ये, ऐन पावसाळ्यात, अलिटालिया या इटालियन कंपनीचं एक प्रवासी विमान बँकॉकहून मुंबईकडे येत होतं. विमानात ९४ माणसं होती. रात्रीच्या वेळी मुंबईशी बोलता बोलता त्याचा संपर्क तुटला. ते मुंबईला उतरलं नाही आणि दुसऱ्या कुठल्या विमानतळावरही गेलं नाही. त्या रात्रीपुरतं ते 'गायब' होतं. पुढे जुन्नरजवळच्या डोंगरावर त्याचे अवशेष सापडले. सगळी ९४ माणसं गेली होती. आपण मुंबईच्या जितके जवळ आलो आहोत असं वैमानिकांना वाटत होतं, तितके ते आले नव्हते. त्यामुळे त्यांनी विमान लवकर खाली आणलं, आणि पावसाळी अंधारात समोर डोंगर होता.

मुलांना यातून एक गोष्ट सांगावी. विमान कुठेही 'गायब' होत नाही. ते कुठेतरी असतंच, फक्त कुठे आहे ते आपल्याला कळलेलं नसतं. 'गायब झालं' हे वाक्य विमानाबद्दल वाटतं, पण खरं तर ते आपल्या माहितीबद्दल असतं.

८ मार्च २०१४ ची रात्र

आता मुलांच्या व्हिडिओतल्या विमानाकडे येऊ. मलेशिया एअरलाइन्सचं एमएच ३७० हे विमान मध्यरात्रीनंतर १२ वाजून ४२ मिनिटांनी क्वालालंपूरहून चीनमधल्या बीजिंगला निघालं. २२७ प्रवासी आणि १२ कर्मचारी, अशी २३९ माणसं आत होती. त्यात ५ भारतीय होते.

१ वाजून १९ मिनिटांनी विमानातून शेवटचं बोलणं झालं. दोनच मिनिटांनी नागरी रडारच्या पडद्यावरून त्याची खूण नाहीशी झाली. लष्कराच्या रडारने टिपलेल्या नोंदींवरून नंतर कळलं की विमान मागे वळलं, मलेशियाचा भूभाग ओलांडून पश्चिमेला गेलं आणि २ वाजून २२ मिनिटांनी अंदमान समुद्राच्या बाजूला त्या रडारच्याही टप्प्याबाहेर गेलं. एका उपग्रहाशी मात्र त्याचा यांत्रिक संपर्क सकाळी ८ वाजून १९ मिनिटांपर्यंत होत होता. विमानाचा संपर्क तुटल्याचं कंपनीने जाहीर केलं ते सकाळी ७ वाजून २४ मिनिटांनी. म्हणजे जग 'विमान हरवलं' ही बातमी ऐकत होतं, तेव्हा ते बहुधा हवेतच होतं.

हाळी आणि हजेरी

'एवढं मोठं विमान रडारला दिसत कसं नाही?' हा मुलांचा पुढचा प्रश्न असतो, आणि मोठ्यांचाही.

रडार दोन तऱ्हेचं असतं. पहिलं समजायला आमच्या औंधात यमाईच्या डोंगराचा उपयोग होतो. डोंगराकडे तोंड करून हाळी दिली की प्रतिध्वनी परत येतो. आवाज जाऊन यायला किती वेळ लागला, त्यावरून डोंगर किती लांब आहे ते काढता येतं. प्राथमिक रडार रेडिओ लहरींची अशीच हाळी देतं. लहर विमानावर आपटून परत येते. पण ही लहर सरळ रेषेत जाते आणि पृथ्वी गोल आहे. त्यामुळे काही शे किलोमीटरपलीकडे विमान क्षितिजाच्या खाली जातं. भर समुद्रात तर रडार बसवायला जमीनच नसते.

दुसरं रडार म्हणजे आपली रोजची हजेरी. बाई नाव घेतात, मूल 'हजर' म्हणतं. जमिनीवरून लहर जाते आणि विमानातलं ट्रान्सपाँडर नावाचं यंत्र 'मी अमुक विमान, इतक्या उंचीवर' असं उत्तर देतं. विमान वाहतूक नियंत्रण मुख्यतः या उत्तरावर चालतं. उत्तर येणं बंद झालं की पडद्यावरची खूण जाते. पण 'हजर' म्हटलं नाही म्हणजे मूल शाळेत नाहीच, असं होतं का? ते बाकाखाली पेन्सिल शोधत असेल, रुसलं असेल, किंवा खरंच आलं नसेल. उत्तर आलं नाही एवढंच त्या वेळी नक्की असतं. का आलं नाही हा पुढचा प्रश्न, आणि त्याला वेगळा पुरावा लागतो.

खुंटी, दोरी आणि उपग्रह

रडारने साथ सोडल्यावर मग शोध दक्षिण हिंदी महासागरात का गेला? इथे गणित आलं.

खुंटीला दोरीने बांधलेली शेळी अंधारात कुठे आहे ते दिसत नाही. पण दोरी पाच हात लांब आहे आणि ताणलेली आहे एवढं माहीत असेल, तर शेळी खुंटीभोवतीच्या पाच हातांच्या वर्तुळावर कुठेतरी आहे हे नक्की. उपग्रह ही आपली खुंटी. तो सुमारे ३६,००० किलोमीटर उंचावर होता. साधारण तासातासाने उपग्रहामार्फत 'आहेस का?' असा संदेश जायचा आणि विमानातलं यंत्र 'आहे' म्हणायचं. उत्तर यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढता येतं, म्हणजे दोरीची लांबी मिळते. अशी वर्तुळं एकापाठोपाठ एक काढली गेली. शेवटच्या वर्तुळाच्या कमानी एका बाजूला पार मध्य आशियात जात होत्या आणि दुसऱ्या बाजूला हिंदी महासागराच्या दक्षिणेला.

उत्तर की दक्षिण? त्यासाठी एसटीचा हॉर्न आठवायला सांगा. गाडी जवळ येताना हॉर्न चढा लागतो, लांब जाताना उतरतो. लहरींच्या अशाच सूक्ष्म चढउतारावरून ब्रिटनच्या इनमारसॅट कंपनीच्या तज्ज्ञांनी सांगितलं की विमान दक्षिणेला गेलं. त्या आधारावर २४ मार्च २०१४ रोजी मलेशियाच्या पंतप्रधानांनी विमानाचा प्रवास दक्षिण हिंदी महासागरात संपल्याचं जाहीर केलं. काही नातेवाइकांना ही बातमी मोबाइलवरच्या संदेशातून कळवली गेली.

लक्षात घ्या, इनमारसॅटचं म्हणणं हाही त्या वेळी एक तर्कच होता. विमान कुणी पाहिलं नव्हतं. पण तो तर्क तपासून बघता येत होता. विमान तिथे पडलं असेल, तर समुद्राच्या प्रवाहाबरोबर तुकडे पश्चिमेला आफ्रिकेच्या बाजूला वाहत जायला हवेत. जुलै २०१५ मध्ये मादागास्करजवळच्या रियुनियन बेटावर पंखाचा एक भाग किनाऱ्याला लागला, आणि त्याच्या आतल्या क्रमांकांवरून तो याच विमानाचा असल्याचं फ्रान्सच्या तपास यंत्रणेने सप्टेंबरमध्ये सांगितलं. पुढे टांझानिया आणि मोझांबिकच्या किनाऱ्यांवरही तुकडे मिळाले.

तरी विमान मिळालं नाही, कारण जागा अफाट आहे. जानेवारी २०१७ मध्ये थांबवलेल्या शोधात १,२०,००० चौरस किलोमीटर समुद्रतळ पाहिला गेला. आपला सातारा जिल्हा १०,४८० चौरस किलोमीटरचा, म्हणजे अकरा सातारा जिल्ह्यांहून जास्त. २०१८ मध्ये ओशन इन्फिनिटी या खासगी कंपनीने आणखी सुमारे १,१२,००० चौरस किलोमीटर धुंडाळलं. दोन्ही मिळून महाराष्ट्राचा पाऊण भाग होतो, आणि तोही कित्येक ठिकाणी चार किलोमीटर खोल पाण्याखाली, अंधारात. जुलै २०१८ च्या मलेशियाच्या अहवालात विमान हातानेच वळवलं गेल्याचं म्हटलं आहे, पण विमान नाहीसं होण्याचं खरं कारण ठरवता येत नाही, असंही स्पष्ट लिहिलं आहे. २०२५ मध्ये त्याच कंपनीशी नवा करार झाला: अवशेष सापडले तरच ७ कोटी डॉलर, नाहीतर काही नाही.

रिकामी जागा लोक भरतात

या सगळ्या काळात जग गप्प बसलं नव्हतं. विमान एखाद्या बेटावरच्या लष्करी तळावर उतरवलं, मध्य आशियात लपवलं, परग्रहावरच्यांनी नेलं, असं काय काय बोललं गेलं.

यातली दोन उदाहरणं मुलांना जरूर सांगावीत.

पहिलं म्हणजे चोरलेल्या पासपोर्टचं. एक इटालियन आणि एक ऑस्ट्रियन अशा दोन माणसांच्या चोरीला गेलेल्या पासपोर्टवर विमानात दोघं जण बसले होते. बातमी येताच लोकांनी ठरवून टाकलं की हे दहशतवादी, कोडं सुटलं! तीन दिवसांत पोलिसांनी सांगितलं की ते दोन इराणी तरुण युरोपात आसरा शोधायला निघाले असावेत, दहशतवादाशी त्यांचा संबंध दिसत नाही. त्यातल्या एकाची आई जर्मनीत त्याची वाट बघत होती. तिचा मुलगा हरवला होता, आणि वर जगभर त्याला खुनी म्हटलं जात होतं.

दुसरं शेवटच्या शब्दांचं. वैमानिकाचे शेवटचे शब्द 'ऑल राइट, गुड नाइट' होते असं आधी सांगितलं गेलं. त्या शब्दांच्या सुरावर, बेफिकिरीवर, छुप्या अर्थावर तीन आठवडे चर्चा झाली. १ एप्रिलला प्रत्यक्ष संभाषण प्रसिद्ध झालं. त्यात शब्द होते 'गुड नाइट मलेशियन थ्री सेवन झिरो'. निरोपाचं नेहमीचं वाक्य. जे शब्द कुणी बोललंच नव्हतं, त्यांचा अर्थ लावण्यात लोकांनी तीन आठवडे घालवले.

वांद्र्याचा समुद्र, १९७८

पुरावा हाती लागला की काय होतं, ते आपल्या मुंबईच्या एका अपघातातून कळतं.

१ जानेवारी १९७८ ची रात्र. एअर इंडियाचं 'एम्परर अशोका' हे जंबो विमान सांताक्रूझहून दुबईला निघालं. १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी. उड्डाणानंतर १०१ सेकंदांत ते वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे ३ किलोमीटरवर समुद्रात कोसळलं. २१३ पैकी कुणीही वाचलं नाही. इतकं मोठं, धडधाकट विमान दोन मिनिटांच्या आत पडतं कसं? घातपाताची शंका लगेच घेतली गेली. शंका घेण्यात काही गैर नव्हतं, ती तपासायलाच हवी होती.

पण इथला समुद्र उथळ. अवशेष आणि दोन्ही ब्लॅक बॉक्स हाती आले. (ब्लॅक बॉक्स नारिंगी असतो, हे ऐकून मुलांना फार गंमत वाटते.) स्फोटाचा किंवा आगीचा पुरावा मिळाला नाही. वैमानिकांच्या संभाषणातून आणि नोंदींतून वेगळंच चित्र उभं राहिलं. विमान कुठल्या बाजूला कललं आहे हे दाखवणारं एक यंत्र समोर असतं. गवंड्याच्या हातातल्या पाणसळीसारखं त्याचं काम. कॅप्टनसमोरचं हे यंत्र बिघडलं आणि विमान उजवीकडे कललेलं दाखवू लागलं. प्रत्यक्षात तसं नव्हतं. कॅप्टनने ते सावरायला विमान डावीकडे नेलं, आणि ते डावीकडे कलतच गेलं. खाली काळा समुद्र, वर काळं आकाश, मध्ये क्षितिजाची रेघ नाही.

'पण आपल्याला कललेलं कळणार नाही का?' असं मुलं विचारतात. त्यांना दोघीदोघींना जोरात फुगडी घालायला सांगा आणि एकदम थांबवा. जमीन फिरताना दिसते. कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव असा फसतो. डोळ्यांना काही दिसत नसेल, तर वैमानिकही फसू शकतो.

या अपघातात लोकांनी एक मोठा खलनायक शोधला होता. पुराव्यातून बाहेर आलं ते एक बिघडलेलं यंत्र आणि अंधारात फसलेली माणसं.

भाभांचं विमान

कधी कधी अहवाल येऊनही तर्क थांबत नाहीत. २४ जानेवारी १९६६ रोजी मुंबईहून निघालेलं एअर इंडियाचं 'कांचनजंगा' जिनिव्हाला उतरण्यापूर्वी आल्प्समधल्या माँ ब्लां पर्वतावर आदळलं. ११७ माणसं गेली, त्यात डॉ. होमी भाभा होते. दोनच आठवड्यांपूर्वी ताश्कंदला लालबहादूर शास्त्रींचं निधन झालेलं. भारत अठरा महिन्यांत अणुबॉम्ब करू शकेल असं भाभा आकाशवाणीवर बोलून काही महिनेच झाले होते. मग 'त्यांना मारलं' ही गोष्ट जन्माला आली आणि आजही ती मोबाइलवर फिरते.

फ्रान्सच्या चौकशीत निघालेलं कारण साधं होतं. विमानातलं दिशा आणि स्थान कळण्यासाठीचं एक यंत्र बंद होतं, जमिनीवरच्या नियंत्रकाच्या सूचनेचा अर्थ वैमानिकाने चुकीचा घेतला, आणि पर्वत ओलांडला असं समजून विमान खाली आणलं. याच पर्वतावर १९५० मध्ये एअर इंडियाचंच 'मलबार प्रिन्सेस' हे विमान आदळून ४८ माणसं गेली होती. त्याची कटकथा मात्र आपण ऐकत नाही.

असं का होतं? गेलेला माणूस मोठा असला की कारणही तेवढंच मोठं असावं असं आपल्या मनाला वाटतं. 'सूचना नीट समजली नाही' हे कारण डॉ. भाभांच्या मृत्यूला फार छोटं वाटतं. पण कारणाचा आकार दुःखाच्या आकारावरून ठरत नाही.

विमान दूरचं, सवय जवळची

'बोलले लोक चार गोष्टी, बिघडलं काय?' असं एखादे पालक म्हणतील. बिघडतं ते असं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा या गावी आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरते, असे संदेश तेव्हा मोबाइलवर फिरत होते. मारले गेलेले पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत गेलेले. मंगळवेढा आपल्यापासून फार लांब नाही, आणि भिक्षा मागत फिरणारी अशी माणसं आपल्याही गावात येतात.

परदेशातल्या विमानाबद्दलचा बिनबुडाचा संदेश पुढे पाठवणारं बोट आणि असा संदेश पुढे पाठवणारं बोट एकच असतं. आणि अगदी वर्गापुरतं बोलायचं तर, पट्टी हरवली की 'चोरली' हा शब्द किती लवकर येतो पाहा, आणि नाव बहुतेक वेळा एकाच मुलाचं घेतलं जातं. त्याच्या घरची परिस्थिती सगळ्यांना माहीत असते. पट्टी दप्तराच्या तळाशी सापडते तोवर त्या मुलाचा दिवस गेलेला असतो.

वर्गात कसं घ्यावं

तर्क करू नका असं मुलांना अजिबात सांगायचं नाही. तर्क केला नसता तर रियुनियनच्या किनाऱ्यावरचा तुकडा हे नुसतं भंगार ठरलं असतं. तर्क पुराव्याच्या जागी बसवायचा नाही, एवढंच शिकवायचं.

फळ्यावर तीन रकाने करा: 'दिसलं किंवा मोजलं', 'त्यावरून काढलं', 'नुसतं वाटलं'. मग मुलांना वाक्यं द्या आणि रकाना विचारा. 'रियुनियनला पंखाचा तुकडा सापडला' पहिल्या रकान्यात. 'विमान दक्षिणेला गेलं' दुसऱ्यात. 'विमान लपवून ठेवलंय' तिसऱ्यात. तिसऱ्या रकान्यातलं वाक्य पुसायचं नाही. त्याच्यापुढे विचारायचं, 'हे खरं असेल तर आणखी काय सापडायला हवं? आणि खोटं असेल तर ते कशावरून कळेल?' ज्या वाक्याला दुसऱ्या प्रश्नाचं काहीच उत्तर देता येत नाही, ते कितीही रंगतदार असलं तरी तिथेच थांबवायचं.

पुढच्या वेळी वर्गात काही हरवलं की हेच रकाने वापरा. आठवीच्या मुलांना वर्तुळांचं गणित दोरी आणि खडूने मैदानावर करून घेता येईल. दोन खुंट्या घेतल्या तर वर्तुळं दोनच ठिकाणी छेदतात हे त्यांना स्वतःच सापडतं, आणि दुसरा एक उपग्रह असता तर काय झालं असतं हेही.

पालकांसाठी एकच विनंती. मुलाने घरी विचारलं, 'मग ते विमान नक्की का पडलं?' तर घाईने एखादी गोष्ट रचून सांगू नका. 'अजून कुणालाच कळलेलं नाही, शोधतायत' असं म्हणा. २३९ घरं बारा महिने तेरा काळ याच वाक्यासह जगतायत. आपण निदान त्यांच्या माणसांबद्दल मनाचं काही जोडू नये, एवढं मुलांना कळलं तरी हा तास सार्थकी लागला असं मी म्हणेन.

आपल्या वर्गात हा पाठ घेतलात, तर मुलांनी तिसऱ्या रकान्यात काय काय लिहिलं ते जरूर कळवा.